तडा पॉलिशला की लाकडाला?

दोन गिटारी शेजारी ठेवल्या आहेत असे समजू. पहिली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू इथल्या गिब्सन कारखान्यात १९५९ साली बनलेली लेस पॉल. तिच्या पिवळसर-तांबूस दर्शनी भागावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत केसाएवढ्या बारीक, आडव्या रेषांचे जाळे पसरले आहे. दुसरी दहा-बारा वर्षांपूर्वी इंडोनेशियात बनलेली, पुण्यातल्या एखाद्या दुकानातून घेतलेली साधी अकूस्टिक. ती जवळजवळ नवी दिसते. फक्त तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजपासून खालच्या कडेपर्यंत एकच रेषा गेली आहे. पहिलीचा सौदा आज काही कोटी रुपयांत होतो आणि त्या शेकडो रेषांवरून घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला विक्रेता दारातूनच वाटेला लावतो. दुसरीचे दहा हजार मागितले, तर जाणकार माणूस त्या एका रेषेवर बोट ठेवून निम्म्यावर येतो किंवा उठून जातो. हा व्यवहार वरवर पाहता वेडगळ वाटतो आणि श्रीमंतांची हौस म्हणून तो उडवून लावणेही सोपे आहे. माझ्या मते मात्र त्यात पक्की शिस्त आहे. वापरलेल्या गिटारच्या बाजारात पॉलिशवरच्या तड्याला स्वतःचा असा भाव जवळजवळ नसतो. तो तडा कशाची साक्ष देतो, याचा भाव होतो. वाद्य मूळ अवस्थेत असल्याची साक्ष असेल तर तडे पोटात घातले जातात. आत काही मोडल्याची शंका आली तर एकच तडा सौदा मोडतो.

हे समजायला आधी गिटारच्या अंगावर काय चढवलेले असते ते पाहायला हवे. घरात फर्निचरचे काम काढलेल्या कोणालाही पॉलिशवाल्याचे तीन शब्द ओळखीचे असतात: एनसी, मेलामाइन आणि पीयू. त्यातला एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा हा पदार्थ द्रावकात विरघळवून फवारतात. द्रावक उडून गेला की मागे चकचकीत पापुद्रा उरतो. ड्युपाँ कंपनीने १९२३ च्या सुमारास 'ड्युको' नावाने हे लॅकर मोटारींसाठी आणले आणि रंग वाळायला लागणारे कित्येक दिवस वाचवले. मोटारवाल्यांना जी घाई होती तीच वाद्ये बनवणाऱ्यांनाही होती. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मार्टिन आणि गिब्सन या अमेरिकेतल्या जुन्या कंपन्या लॅकरकडे वळल्या, आणि पुढे १९५० च्या दशकात लिओ फेंडरने कॅलिफोर्नियात टेलिकास्टर व स्ट्रॅटोकास्टर काढल्या तेव्हा त्यांच्या रंगीत गिटारींना मोटारींच्याच रंगांचे डबे लागले. आज ज्या गिटारींना सोन्याचा भाव येतो त्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर हे असे मोटारींच्या कारखान्यातून आलेले लॅकर आहे.

या लॅकरचा स्वभाव असा की ते वाळते, पण त्याचे बदलणे कधी थांबत नाही. फवारणी झाल्यावर काही आठवड्यांत ते हाताला कोरडे लागते, तरी त्याला लवचीक ठेवणारे मिसळलेले घटक पुढची कित्येक वर्षे हळूहळू निघून जात राहतात. थर आकसतो, पिवळा पडतो, ठिसूळ होतो. खालचे लाकूड मात्र शेवटपर्यंत हलते राहते. हवेतला ओलावा वाढला की ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, ओलावा घटला की आक्रसते. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ तसेच राहते. थंडीचा परिणाम याहून मजेदार आहे. तापमान झपाट्याने उतरले की लॅकरचा थर सगळ्या बाजूंनी आकसू पाहतो. लाकडाच्या आडव्या दिशेने त्याला थोडीफार सोबत मिळते, पण लांबीच्या दिशेने लाकूड जागचे हलत नाही. ताण त्या दिशेने साचतो आणि लॅकर त्या ताणाला काटकोनात, म्हणजे लाकडाच्या रेषांना आडवे फाटते. म्हणूनच जुन्या लेस पॉल किंवा स्ट्रॅटोकास्टरवरच्या रेषा बहुधा अंगभर आडव्या धावतात. गाडीच्या डिकीत रात्रभर गारठलेली पेटी गरम खोलीत आणून लगेच उघडली, की काही मिनिटांत अशी जाळी पडू शकते. हिवाळ्यात गिटार मागवणाऱ्यांना विक्रेते पेटी न उघडता दिवसभर खोलीत ठेवायला सांगतात ते याचसाठी. न्यू जर्सी किंवा टोरोंटोच्या मराठी घरांत जानेवारीत आलेल्या गिटारलाही हाच नियम लागू.

दुसऱ्या जातीचे पॉलिश म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन, आपल्या पॉलिशवाल्याचे पीयू त्यातलेच. हे थर नुसते वाळत नाहीत. त्यांचे रेणू एकमेकांत कायमचे गुंफले जातात. एकदा गुंफले की त्यांना जुना द्रावक विरघळवू शकत नाही आणि वर्षानुवर्षे त्यांचा आकार फारसा बदलत नाही. सीबीएस या प्रसारण कंपनीने १९६५ साली फेंडर विकत घेतल्यावर तिथला कारखाना काही वर्षांत जाड पॉलिएस्टरकडे वळला, आणि आज जगात विकल्या जाणाऱ्या स्वस्त व मध्यम किमतीच्या बहुतेक गिटारी याच कुळातल्या आहेत. या पॉलिशला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे सहसा पडत नाहीत. ते पडले तर ठोकर लागून टवका उडतो, मान धडाला जिथे स्क्रूने बसवलेली असते त्या खोबणीच्या कोपऱ्यात दोन-चार रेषा फुटतात, किंवा खाली लाकूडच फाटले म्हणून वर पॉलिश फाटते. पॉलियुरेथेनवरची रेषा पाहून अनुभवी माणूस सावध होतो, कारण तिथे तडा पडायला निव्वळ म्हातारपण पुरत नाही, काहीतरी घडावे लागते. सारखीच दिसणारी रेषा नायट्रोवर असेल तर काळाचे काम आणि पॉलीवर असेल तर बहुधा अपघाताचे, एवढा फरक लक्षात आला तरी किमतीचे अर्धे कोडे सुटते.

उरलेले अर्धे कोडे मूळपणाचे आहे. जुन्या गिटारच्या बाजारातला सर्वांत मोठा दंड तड्यासाठी नसतो, तो रंग नव्याने काढल्यासाठी असतो. अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांचा जुना ठोकताळा सांगतो की मूळ पॉलिश उतरवून पुन्हा रंगवलेल्या गिटारला, बाकी सगळे अस्सल असले तरी, मूळच्या निम्मीच किंमत धरायची. ठोकताळाच तो, दुर्मीळ वाद्याला कमी लागतो, साध्याला जास्त. पण त्यामागचे कारण पक्के आहे. पन्नास-साठच्या दशकांतली गिटार म्हणजे लाकूड, धातू आणि वायरींचा एक संच. त्यातला प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि प्रत्येक भागाची नक्कल होते. मान एकीची, धड दुसरीचे, पिकअप तिसरीचे असे जुळवून 'मूळ' म्हणून विकणारे कमी नाहीत. अशा वेळी पॉलिश ही एकमेव गोष्ट आहे जी सगळ्या भागांना एकाच काळाशी बांधते. साठ वर्षांच्या लॅकरने मानेवर आणि धडावर एकाच रीतीने पिवळे पडावे लागते आणि घासले जाते तिथे त्याच क्रमाने उडावे लागते. एखाद्याने नवे कोरे लॅकर चढवले की ती सगळी नोंद पुसली जाते. शिवराई चिंचेने घासून लखलखीत केली की नाणे तेच राहते, पण जमवणाऱ्याच्या लेखी तिची अर्धी किंमत मोरीत वाहून गेलेली असते. गिटारचे तसेच आहे. अंगभर तडे असलेली लेस पॉल म्हणूनच चालते. ते तडे सांगतात की गेल्या साठ वर्षांत कोणी पॉलिश-कागद घेऊन तिच्या वाटेला गेलेले नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. तडे जर मूळपणाचा पुरावा असतील, तर बिनतड्याची आणि मूळ पॉलिशची गिटार त्याहून महाग का विकते? ती महाग विकते हे खरे आहे. पलंगाखाली पेटीत पडून राहिलेली, जवळजवळ न वाजलेली १९५० च्या दशकातली गिटार बाजारात आली की तिच्यावर संग्राहक तुटून पडतात आणि तडे पडलेल्या बहिणीपेक्षा तिला चढा भाव मिळतो. तेव्हा तडे ही मिरवण्याची गोष्ट आहे असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. विक्रेत्याच्या तोंडी ही भाषा फार येते. पण या फरकाचे माप पाहावे. बिनतड्याची मूळ आणि तड्यांची मूळ यांच्यात असलेले अंतर हे तड्यांची मूळ आणि नव्याने रंगवलेली यांच्यातल्या अंतरासमोर लहान असते. शिवाय बिनतड्याची म्हटल्यावर शंकाही जास्त घ्यावी लागते. इतकी वर्षे झाली तरी एकही रेष का नाही? ती खरोखर स्थिर हवेत राहिली, की मधे कोणीतरी वरून पातळ लॅकर मारले? हे तपासायला व्यापारी अतिनील दिवा वापरतात. जुने नायट्रो त्या उजेडात फिकट पिवळसर-हिरवे चमकते, नंतर मारलेला भाग वेगळ्या छटेचा डाग होऊन उठून दिसतो. तडे असलेल्या गिटारला ही चाचणी चुकत नाही, पण तिच्या बाजूने एक साक्षीदार आधीच उभा असतो.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे: साक्षीदार विकत घेता येतो. फेंडरने १९९५ मध्ये आपल्या कस्टम शॉपमधून मुद्दाम जुन्या दिसणाऱ्या 'रेलिक' गिटारी आणल्या. घासलेले कोपरे, गंजलेले स्क्रू आणि तडकलेले लॅकर, सगळे कारखान्यातून. गिब्सनकडे टॉम मर्फी हे कारागीर धारदार पात्याने लॅकरवर एकेक रेष ओढून जुनेपण आणण्यासाठी प्रसिद्ध झाले, आणि अलीकडे त्यांच्या नावाने 'मर्फी लॅब' हा वेगळा विभागच निघाला. तिथे वार्धक्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि वार्धक्य जितके जास्त तितकी किंमतही जास्त. मग तड्याला स्वतःची किंमत नसते हे विधान कुठे राहिले? माझे उत्तर असे की इथे गिऱ्हाईक तड्याचे नव्हे, कारागिराच्या मजुरीचे आणि एका रूपाचे पैसे देते, जसे फाडलेल्या जीन्सचे द्यावे. ती गिटार १९५९ ची आहे असे कोणी म्हणत नाही, म्हणून तिला १९५९ चा भावही येत नाही. खरी कसोटी पुढे लागते. घरच्या घरी फ्रीजरमध्ये घालून किंवा धूळ उडवायच्या दाबाखालच्या हवेचा डबा उलटा धरून गारठवून कोणी आपल्या नव्या गिब्सनवर तडे पाडले, तर तिची पुनर्विक्रीची किंमत बहुतेक वेळा घसरते. कारखान्याने पाडलेले आणि मालकाने पाडलेले तडे भिंगाखाली कितीही सारखे दिसोत, पहिल्यांच्या मागे कोणाची तरी जबाबदारी असते आणि दुसऱ्यांच्या मागे प्रश्नचिन्ह. भाव रेषेच्या दिसण्यात असता तर या दोन गिटारी एका किमतीला गेल्या असत्या.

आणि तड्यांची नक्कल होते म्हणून त्यांची साक्ष निरुपयोगी ठरते असेही नाही, ती एकटी पुरत नाही एवढेच. पात्याने ओढलेल्या रेषा बऱ्याचदा एकाच खोलीच्या असतात आणि कडेशी आल्यावर अचानक थांबतात. काळाने पाडलेल्या रेषा कडेवरून वळून बाजूला उतरतात, काही ठिकाणी पुसट होतात, त्यांच्यात मळ साचतो आणि हात लागतो तिथे त्यांच्या धारा बोथट झालेल्या असतात. त्यापुढे विद्युत गिटारचे झाकण उघडून आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाखालचा पोटेन्शिओमीटर पाहतात. अमेरिकी कंपन्यांच्या या सुट्या भागावर उत्पादकाचा आकडा छापलेला असतो, सीटीएसचा १३७, स्टॅकपोलचा ३०४, आणि त्यापुढचे आकडे वर्ष व आठवडा सांगतात. १९५९ ची म्हणून आणलेल्या गिटारमध्ये १९६६ चा पोटेन्शिओमीटर निघाला तर एक तर तो बदलला आहे किंवा वर्षच खोटे आहे. डाख पुन्हा दिलेला दिसतो का, हे पाहून त्यातले काय ते कळते. तडे, दिव्याखालची चमक, डाख आणि आकडे यांची गोष्ट एक निघाली की मगच मोठे पैसे हलतात.

प्रसिद्ध वादकांच्या गिटारी हा या चर्चेतला नेहमीचा खडा. आयर्लंडचे रोरी गॅलाहर यांनी १९६३ मध्ये कॉर्क शहरातून घेतलेल्या १९६१ च्या स्ट्रॅटोकास्टरवरचे पॉलिश तडकले आहे म्हणणे कमीच, ते बहुतेक उडालेच आहे. उघडे लाकूड दिसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनला बॉनहॅम्सच्या लिलावात तिच्यावर सात लाख पौंडांची बोली लागली आणि ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेली. अशी उदाहरणे देऊन 'घासलेली गिटारच मौल्यवान' असे सांगणारे लोक भेटतात. ते पैसे गॅलाहर यांच्या हाताचे होते, पॉलिशच्या अवस्थेचे नव्हे. फार तर इतके म्हणता येईल की त्यांची गिटार कोणी हौसेने नव्याने रंगवली असती तर छायाचित्रांशी जुळवून ती ओळखणे अवघड झाले असते. आवाजाच्या दाव्याबद्दल तर एका वाक्यातच आवरतो: तडकलेल्या लॅकरमधून लाकूड 'श्वास घेते' आणि गिटार मोकळी वाजते असे जुन्या गिटारींच्या जाहिरातींत लिहिलेले असते, पण तडे पडण्याआधी आणि नंतर तेच वाद्य मोजून कोणी हे दाखवत नाही तोवर त्यासाठी एक रुपयाही जास्त मोजायचे कारण नाही.

जिथे पैसे खरोखर वाचतात किंवा बुडतात तो प्रश्न वेगळा आहे: रेष पॉलिशला आहे की लाकडाला? इथे लाकडाची रचनाच मदतीला येते. अकूस्टिक गिटारचा दर्शनी पत्रा बहुतेक वेळा स्प्रूसचा असतो आणि त्याच्या रेषा मानेच्या दिशेने उभ्या जातात. लाकूड फाटते ते रेषांच्या दिशेने. आडवे फाटायला त्याला फार मोठा आघात लागतो. तेव्हा पत्र्यावर आडवी किंवा तिरपी नागमोडी जाणारी बारीक रेष दिसली तर ती जवळजवळ नेहमी पॉलिशचीच असते. रेषांच्या दिशेने सरळ धावणारी रेष मात्र संशयित. ती उजेडाला तिरकी धरून पाहावी, नखाने पायरी लागते का ते चाचपावे, दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकेच दाबल्यावर एक कड खाली जाते का ते बघावे, आणि शेवटी आवाजाच्या भोकातून छोटा आरसा व टॉर्च घालून आतला पत्रा पाहावा. आतल्या बाजूला लॅकर नसते. तिथेही रेष दिसली म्हणजे लाकूड फाटले. लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था कापसावर घेऊन फिरवल्यास ते झटकन उडते, पण फटीत क्षणभर जास्त टिकते आणि फट रेखून दाखवते. नायट्रोला त्याने धक्का लागत नाही. थिनर मात्र चुकूनही लावू नये, तो नायट्रो जागच्या जागी विरघळवतो.

जागेवरूनही बरेच कळते. साधारण जाडीच्या पोलादी तारा चढवलेल्या अकूस्टिकवर सत्तर किलोंहून अधिक ओढ असते आणि ती सगळी ब्रिजपाशी एकवटते. म्हणून ब्रिजमधून निघालेली उभी रेष ही आपल्या सुरुवातीच्या पुणेकर गिटारसारखी वाईट बातमी असू शकते. जुन्या मार्टिनमध्ये याहून गमतीचा प्रकार सापडतो. कंपनी कित्येक दशके नखांपासून बचाव करणारी पिकगार्डची पट्टी थेट कोऱ्या लाकडावर चिकटवत असे आणि लॅकर नंतर मारत असे. पट्टी सेल्युलॉइडची, म्हणजे लॅकरच्याच घराण्यातली. तीही वर्षांगणिक आकसते, पण तिची पकड लाकडावर असते, म्हणून आकसताना ती लाकूड ओढून फाडते. पट्टीच्या कडेने जाणारी ही चीर इतक्या मार्टिन गिटारींवर आहे की व्यापारी तिला ठरावीक नाव देऊन मोकळे झाले आहेत. चांगली दुरुस्त केली असेल तर भाव थोडा उतरतो, सौदा मोडत नाही. उलट गिब्सनच्या मानेमागे, डोके जिथे सुरू होते तिथली रेष. ते डोके सुमारे १७ अंशांनी मागे झुकलेले असते, मान महोगनीची असते आणि नेमक्या त्या जागी आतल्या लोखंडी दांड्याचे टोक बसवायला लाकूड कोरलेले असते. स्टँडवरून गिटार पाठीवर पडली की मोडते ती इथेच. तिथे दिसणारी बारीक रेष लॅकरची असेल तर काही नाही, आणि मोडून जोडलेल्या डोक्याची असेल तर किंमत निम्म्यावर येण्याची तयारी ठेवावी, मग जोड कितीही मजबूत असो. एका इंचाच्या आत कोटीचा हिशेब फिरतो, म्हणून मोठ्या सौद्यांत तिथला क्ष-किरण फोटो मागितला जातो यात नवल नाही.

तडे मालकानेच बुजवले तर काय, असे विचारणाऱ्याला नायट्रोचा एक गुण मोहात पाडतो. त्यावर नवे लॅकर मारले की ते जुन्या थरात थोडे विरघळून मिसळते, म्हणून चांगला कारागीर तडे बऱ्यापैकी नाहीसे करू शकतो. नव्या किंवा सामान्य गिटारवर हे केले तर कोणाचे काही बिघडत नाही. जुन्या मौल्यवान गिटारवर मात्र हीच 'वरून मारलेली' फवारणी अतिनील दिव्याखाली दिसते आणि मालकाने स्वतःच्या पैशाने स्वतःचा भाव उतरवलेला असतो. तडे मोकळे सोडले तर ओलावा आत जाऊन लाकूड खराब होईल, ही भीती फारशी खरी नाही. आतल्या बाजूने लाकूड मुळातच उघडे असते. पापुद्रे सुटून पडायला लागले असतील तेवढी जागा थेंबभर लॅकरने धरून ठेवणे पुरते.

आता आपल्याकडचा बाजार. महाराष्ट्रात आणि गोव्यात हातोहात फिरणाऱ्या सेकंडहँड गिटारींत पन्नास वर्षांपूर्वीची नायट्रोची अमेरिकी गिटार क्वचित सापडते. बहुतेक माल पॉली घातलेला, आशियाई कारखान्यांतला. त्यामुळे 'जुन्या गिटारला तडे असतातच' हे अमेरिकी बाजारातले वाक्य इथे कोणी ऐकवले तर ते तसेच्या तसे घेऊ नये. इथली हवा वेगळे खेळ करते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते, नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ती पंचवीस टक्क्यांच्याही खाली जाते, आणि गिटार बनवणाऱ्या कंपन्या सांगतात पंचेचाळीस ते पंचावन्न. लाकूड मुंबईत फुगून पोटाला उंचवटा येतो, विदर्भात आक्रसून पत्रा किंवा फिंगरबोर्ड फाटतो. हिमवर्षाव नसलेल्या प्रदेशात पडलेली पॉलीवरची सरळ, उभी रेष ही म्हणूनच बहुधा कोरडेपणाची किंवा ठोकरीची असते. घराच्या एसीचा प्रश्नही येतो, पण तो पॉलीपेक्षा हौसेने आणलेल्या नव्या गिब्सनच्या नायट्रोला जास्त छळतो. तापमान व आर्द्रतेने झालेले असले नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत.

स्वस्त गिटारबाबत हिशेब सोपा आणि निर्दय आहे. मान खोबणीत बसते तिथले पॉलिशचे तडे, धडावरचे टवके, कडेची खोक ही सगळी रूपाची बाब; त्यांवर एक-दोन हजारांची सूट मागून गिटार आनंदाने घ्यावी, वाजवायला ती तितकीच चांगली. ब्रिजजवळ, मानेच्या मुळाशी किंवा डोक्यामागे उभी रेष असेल तर कारागिराला दाखवून दुरुस्तीचा आकडा आधी काढावा, कारण पत्र्याला आतून पट्ट्या लावणे किंवा डोके जोडणे यांचा खर्च दहा हजारांच्या गिटारमध्ये सहज निम्म्यावर जातो आणि पुढे विकताना तो परत मिळत नाही. दुकानदाराने ती रेष आधीच फेव्हिक्विकसारख्या गोंदाने भरून घासून काढली असेल तर ती उजेडात काचेसारखी चमकते. आतून आरसा घातल्याशिवाय तिच्यावर भाव बोलू नये. आणि फोटो पाहूनच सौदा करायचा असेल, तर विक्रेत्याकडून तीनच फोटो जास्तीचे मागावेत: डोक्याची मागची बाजू, मानेचा सांधा, आणि भोकातून काढलेला ब्रिजखालचा पत्रा.